एफसी गोवा आशियात मागच्या दाराने गेला, हे खरे नाही

गोव्यात फुटबॉलची गोष्ट निघाली की हल्ली एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहते:

“एफसी गोवा लीग जिंकलाच नाही, दुसरा आला, तरी त्याला आशियात घेतले. एकच मॅच जिंकला आणि रोनाल्डोच्या टीमच्या गटात जाऊन बसला, कारण तिकिटे खपवायची होती. आयएसएलचा खरा चॅम्पियन म्हणजे फायनल जिंकणारा, त्याला मात्र डावलतात. २०२१ मध्येही गोव्याला फुकटात जागा मिळाली. शंभर वर्षांहून जुना ड्युरंड कप जिंकून आशिया मिळत नाही, चार मॅचचा सुपर कप जिंकून मिळतो. धेंपो, चर्चिलसारख्या आपल्या क्लबांना तर दारच बंद. शेवटी भारताच्या जागा ठरतात फिफा रँकिंगवर, मग क्लब हरले काय नि जिंकले काय!”

यातली काही वाक्ये अर्धी खरी आहेत, म्हणून ती पटतात. गोवा लीगमध्ये दुसरा आला होता. पात्रता फेरीत एकच सामना झाला, हेही बरोबर. घोळ होतो तो वेगवेगळ्या वर्षांचे नियम एकाच टोपलीत टाकल्यामुळे. गेल्या दहा वर्षांत भारतातून आशियात, म्हणजे एएफसी या आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब स्पर्धांत, जाण्याची वाट किमान चार वेळा बदलली. त्यामुळे कुठल्याही दाव्यापुढे पहिला प्रश्न हाच ठेवायला हवा: कुठला हंगाम आणि कुठली ट्रॉफी?

“दुसरा आला तरी घेतले.”

२०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, २४ सामन्यांनंतर मोहन बागानचे ५६ गुण होते आणि एफसी गोवाचे ४८. साखळीत अव्वल आल्याबद्दलची लीग विनर्स शिल्ड बागानला मिळाली आणि तिच्यासोबत एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेच्या गट फेरीतली थेट जागाही. दुसऱ्या क्रमांकाला काय मिळाले? आशियाच्या हिशेबात काहीही नाही. युरोपातल्या लीग बघणाऱ्यांच्या डोक्यात ‘पहिले चार आत’ हे गणित पक्के बसलेले असते, ते इथे लावून चालत नाही. भारताच्या वाट्याला दोनच जागा होत्या: एक शिल्डला आणि दुसरी सुपर कपच्या विजेत्याला. त्यातली दुसरी थेट गट फेरीची नव्हे, तर प्राथमिक फेरीची.

ती दुसरी जागा गोव्याने एप्रिल-मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला कमावली. सुपर कप बाद पद्धतीचा होता, हरला की घरी. गोकुळम केरळाला ३-० ने हरवले. पंजाब एफसीविरुद्ध गोवा जवळजवळ बाहेर पडला होता: सामना संपत आला तोवर ०-१ अशी पिछाडी, आणि अगदी अखेरच्या मिनिटांत दोन गोल. उपांत्य सामन्यात मोहन बागानला ३-१ ने हरवले. ३ मे रोजी कलिंगा स्टेडियमवर अंतिम सामन्यात जमशेदपूरवर ३-० ने विजय, त्यात बोर्हा हेरेराचे दोन गोल आणि देयान द्राझिचचा एक.

बागानने त्या स्पर्धेत आपले बहुतेक मुख्य खेळाडू उतरवले नव्हते, हा आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. पण शिल्ड जिंकून त्यांची जागा आधीच पक्की झाली होती. त्यांनी कुणाला खेळवावे हा त्यांचा प्रश्न. समोर जो संघ उभा राहतो त्याला हरवणे एवढेच गोव्याच्या हाती होते.

एक बारकावा इथे सांगायला हवा. एकाच क्लबने लीग आणि कप दोन्ही जिंकले, तर कपची जागा कपच्या उपविजेत्याकडे जात नाही. लीगच्या तक्त्यात ज्याला अजून जागा मिळालेली नाही अशा सगळ्यांत वरच्या क्लबाकडे ती जाते. म्हणजे बागानने सुपर कपही घेतला असता तरच लीगमधला दुसरा क्रमांक कामी आला असता. तसे घडले नाही. गोव्याच्या जागेचा लीगच्या दुसऱ्या क्रमांकाशी काडीचाही संबंध नव्हता.

“एकच मॅच जिंकून गटात.”

चॅम्पियन्स लीग टूची प्राथमिक फेरी एकाच लढतीची असते. परतीचा सामना नाही, घरचे-बाहेरचे गोल जुळवणे नाही. नव्वद मिनिटांत बरोबरी झाली तर जादा वेळ, मग टायब्रेकर. अशा फेरीत दुबळा संघ पार होऊ शकतो, हे मान्य. पण १३ ऑगस्ट २०२५ ला घरच्या फातोर्डा स्टेडियमवर गोव्यासमोर उभा होता ओमानचा अल सीब. याच क्लबने २०२२ मध्ये क्वालालंपूर सिटीला अंतिम सामन्यात ३-० ने हरवून एएफसी कप जिंकला होता. आजवर एकाही भारतीय क्लबला तो कप जिंकता आला नाही. सगळ्यांत जवळ पोहोचला तो बंगळुरू एफसी, २०१६ च्या अंतिम सामन्यापर्यंत.

आता गोव्याची बाजू पाहा. ऑगस्टचा महिना, पावसाळा, आणि आयएसएलचा पुढचा हंगाम होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. संघाच्या पायांत हंगामाचा एकही साखळी सामना नव्हता. पूर्वार्धात द्राझिचने गोल केला. उत्तरार्ध सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच हावियेर सिवेरियोने दुसरा मारला. थोड्याच वेळात अल सीबने एक गोल फेडला आणि २-१ वर सामना अडकला. उरलेला जवळपास अर्धा तास ती एका गोलाची आघाडी सांभाळण्यात गेला. तयारीचे सामने कमी असतात तेव्हा संघ कोसळतो तो याच टप्प्यात: पाय जड होतात, मधल्या फळीतले खेळाडू आपल्या जागेवर परत यायला उशीर करतात आणि बचावफळीपुढे मोकळी जागा पडते. गोव्याने ती पडू दिली नाही.

हरला असता तर? स्पर्धेतून हकालपट्टी झाली नसती. एक पायरी खाली, म्हणजे एएफसी चॅलेंज लीगमध्ये जावे लागले असते. अल सीब तिथेच गेला. वर्षभर आधी ईस्ट बंगालचे नेमके हेच झाले होते. २०२४ चा सुपर कप जिंकून ते याच फेरीत आले, कोलकात्यात तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून २-३ हरले, चॅलेंज लीगमध्ये गेले, थिंफूत गटात पहिले आले आणि उपांत्यपूर्व फेरीत अर्कादागकडून हरले. म्हणजे सुपर कपच्या विजेत्याला ही वाट ठरवून दिलेली आहे. गोव्यासाठी वेगळे काही केलेले नाही. फरक इतकाच की गोवा ती फेरी जिंकला.

“रोनाल्डोच्या गटात मुद्दाम बसवले.”

सोडत १५ ऑगस्टला क्वालालंपूरला निघाली, अल सीबवरच्या विजयानंतर दोन दिवसांनी. पश्चिम विभागातले सोळा क्लब, चार गट. एका देशाचे दोन क्लब एका गटात येत नाहीत, म्हणून बागान आणि गोवा वेगवेगळ्या गटांत पडले. गोव्याच्या वाट्याला रोनाल्डोचा अल नासर, इराकचा अल झवरा आणि ताजिकिस्तानचा इस्तिकलोल आले. अल नासर या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत होता, कारण सौदी लीगमध्ये तो तिसरा आला होता. आणि ज्याच्यासाठी तिकिटे खपवायची म्हणतात तो रोनाल्डो २२ ऑक्टोबरच्या सामन्याला गोव्यात आलाच नाही. त्या रात्री फातोर्ड्यात अल नासर २-१ ने जिंकला, पण अर्ध्या तासात ०-२ अशी पडझड झाल्यावर ब्रायसन फर्नांडिसने मध्यंतराआधी एक गोल फेडला. आपल्या गोव्यातल्या पोराने अल नासरवर मारलेला गोल आहे तो. या मजकुराच्या नादात ही गोष्ट विसरली जाऊ नये.

“खरा चॅम्पियन फायनल जिंकणारा.”

गैरसमजाचे मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०२४-२५ पर्यंत आयएसएलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी जिंकता येत. साखळी संपल्यावर तक्त्यात पहिला येणारा शिल्ड घेई. मग वरचे संघ बाद फेरी खेळत आणि तिचा विजेता आयएसएल कप उचले. पहिल्या पाच हंगामांत, म्हणजे २०१४ पासून २०१८-१९ पर्यंत, शिल्ड नव्हतीच. लोकांच्या मनात ‘चॅम्पियन’ म्हणजे फायनल जिंकणारा हे तेव्हाच रुजले, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. बक्षीस समारंभही अंतिम सामन्यानंतरच गाजायचा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतीय फुटबॉलचा पुढचा आराखडा ठरला. त्यात आशियातली वरची जागा आयएसएलच्या साखळीत पहिल्या येणाऱ्या क्लबाला देण्याचे ठरले. त्याच मोसमात शिल्ड सुरू झाली आणि पहिली शिल्ड गोव्याने जिंकली. १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानात ५-० ने हरवून, १८ सामन्यांत ३९ गुणांसह. त्या सामन्यात संघाची सूत्रे हंगामी प्रशिक्षक म्हणून क्लिफर्ड मिरांडाकडे होती, आपल्याच गोव्याचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. (याच क्लिफर्डने पुढे २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. आशियाकडे नेणाऱ्या दोन्ही वाटांवर एका गोमंतकीय प्रशिक्षकाची पावले उमटलेली आहेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते.) त्या हंगामात गोवा बाद फेरीत उपांत्य सामन्यात चेन्नईयिनकडून हरला, अंतिम सामना कोलकात्याच्या एटीकेने जिंकला. आशियात मोठ्या स्पर्धेत गोवा गेला, एटीकेला खालची एएफसी कपची जागा मिळाली. म्हणजे फायनल जिंकणाऱ्यालाही तेव्हा वाटा होताच, फक्त धाकटा.

२०२४-२५ पासून एएफसीने स्पर्धांची रचना बदलली. सगळ्यांत वर चॅम्पियन्स लीग एलिट, मग चॅम्पियन्स लीग टू, मग चॅलेंज लीग. आयएसएल कपच्या विजेत्याची जागा या बदलात गेली. २०२४ च्या मे महिन्यात मुंबई सिटीने सॉल्ट लेकवर बागानला ३-१ ने हरवून आयएसएल कप घेतला, पण आशियात त्यांना काहीच मिळाले नाही. शिल्डवाला बागान आणि सुपर कपवाला ईस्ट बंगाल गेले. मुंबईच्या चाहत्यांना ते लागले असेल, साहजिक आहे. पण यात कुणाला डावलण्याचा प्रश्न येत नाही. आशियाई फुटबॉलचे साधे तत्त्व आहे: एक जागा साखळीच्या विजेत्याला आणि एक देशाच्या कपच्या विजेत्याला. २०२४-२५ च्या साखळीत सगळे सगळ्यांशी घरी आणि बाहेर खेळले, चोवीस सामने. बाद फेरी मोजक्या सामन्यांची. वर्षभराचे सातत्य कशाने मोजायचे, याचे उत्तर आमच्या मते स्पष्ट आहे.

ज्याच्यासाठी खरोखर हळहळावे असा क्लब वेगळाच आहे: जमशेदपूर. २०२१-२२ ची शिल्ड त्यांनी जिंकली आणि तेवढ्यात एएफसीने आपले वेळापत्रक बदलले. पूर्वी आशियाई हंगाम वसंतात सुरू होऊन वर्षाअखेर संपायचा, आता तो शरदात सुरू होऊन पुढच्या वर्षी संपतो. मधला एक हंगाम गळला. परिणामी एका जागेवर दोन शिल्डविजेते दावेदार झाले, २०२१-२२ चा जमशेदपूर आणि २०२२-२३ चा मुंबई सिटी. ४ एप्रिल २०२३ ला केरळातल्या मंजेरीत एका सामन्यावर फैसला झाला, मुंबई ३-१ ने जिंकली. जमशेदपूरने शिल्ड घेऊनही आशियात पाऊल ठेवले नाही. हैदराबादचेही तसेच: २०२२ चा आयएसएल कप जिंकून एएफसी कपच्या जागेसाठी त्यांना एटीके मोहन बागानशी लढावे लागले आणि ते हरले. नियम बदलताना मधल्या वर्षात अडकलेल्या क्लबांवर झालेला हा अन्याय आहे. त्यावर कुणी मजकूर लिहीत नाही.

“२०२१ ला फुकटात.”

शिल्डची गोष्ट वर आली. पण शिल्डविजेत्याला थेट गट फेरी का, पात्रता फेरी का नाही? कारण २०२१ पासून एएफसीने चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत ३२ ऐवजी ४० क्लब घेतले. त्या वाढीव जागांपैकी एक भारताला आली. गोव्याऐवजी दुसऱ्या कुणी शिल्ड घेतली असती, तर तो गेला असता. पुढच्याच वर्षी शिल्ड जिंकून मुंबई सिटी गेली आणि अल कुवा अल जविया या इराकी क्लबाला हरवून तिने या स्पर्धेतला भारताचा पहिला विजय मिळवला.

नावांचाही घोटाळा होतो. २०२१ ची चॅम्पियन्स लीग ही आशियातली सर्वोच्च स्पर्धा होती. २०२५ ला गोवा खेळला ती चॅम्पियन्स लीग टू, म्हणजे दुसरी पायरी. दोन्हींना लोक नुसते ‘चॅम्पियन्स लीग’ म्हणतात आणि मग निकालांची तुलना करतात.

कोविडमुळे २०२१ चा गट एकाच जागी, फातोर्ड्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला. गटात इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल रय्यान आणि अमिरातीचा अल वाहदा. मैदानावर परदेशी खेळाडूंची मर्यादा होती तीन अधिक एक, आणि तो एक आशियातलाच हवा. आयएसएलमध्ये याहून जास्त परदेशी असायचे. त्यामुळे त्या मोसमात १४ गोल करून गोल्डन बूट जिंकलेल्या इगोर अंगुलोलाच यादीबाहेर ठेवावे लागले. आशियाई कोट्यातून ऑस्ट्रेलियाचा बचावपटू जेम्स डोनाकी आला. म्हणजे संघ घडवला आयएसएलच्या नियमाप्रमाणे आणि खेळवायचा एएफसीच्या नियमाप्रमाणे. क्लबांची अडचण इथे होते, पैशापेक्षाही आधी.

तरी पहिल्या दोन सामन्यांत अल रय्यान आणि अल वाहदाशी ०-०. गोलजाळ्यात धीरज सिंग भिंतीसारखा उभा. तिसऱ्या सामन्यात पर्सेपोलिसविरुद्ध चौदाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने फ्री किक आत घातली आणि एदू बेदियाने ती डोक्याने जाळ्यात धाडली. चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत भारतीय क्लबाचा हा पहिला गोल. आघाडी जेमतेम चार मिनिटे टिकली आणि सामना १-२ ने गेला, पण त्या चार मिनिटांत एक गोमंतकीय क्लब मागच्याच वर्षीच्या आशियाई उपविजेत्याच्या पुढे होता. सहा सामन्यांत तीन बरोबरी, तीन गुण, आणि गटात अल रय्यानच्या वर तिसरा क्रमांक. फुकटात मिळालेल्या जागेवर असा खेळ होत नसतो.

“ड्युरंड नाही, सुपर कप चालतो.”

इथे मजकूर बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा. ड्युरंड जुना आणि मानाचा आहे, एफसी गोवाने तो २०२१ मध्ये मोहमेडनला १-० ने हरवून जिंकला. पण त्यात सेनादलांचे संघही असतात आणि आयएसएलचे सगळे क्लब दरवर्षी उतरतातच असे नाही. आशियाची जागा भारतीय फुटबॉल महासंघाने देशाचा कप म्हणून सुपर कपला जोडली आहे. आणि सुपर कपला ती कायमची नव्हती. गोव्याने २०१९ मध्येही सुपर कप जिंकला होता, अंतिम सामन्यात चेन्नईयिनला २-१ ने हरवून. त्या वेळी त्याला आशियात काहीच मिळाले नाही. तोच क्लब आणि तोच कप, वर्ष तेवढे वेगळे. ‘गोव्याला झुकते माप’ म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावे.

“धेंपो, चर्चिलला दार बंद.”

हा मुद्दा गोव्यात सगळ्यांत जास्त भावतो आणि त्यामागची वेदना खरी आहे. आय-लीग, म्हणजे आयएसएलच्या आधीची देशाची मुख्य लीग, सुरू झाली २००७-०८ मध्ये, आणि तिचे पहिले सहाही हंगाम गोव्याच्या क्लबांनी जिंकले: धेंपो, चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. त्या काळात आय-लीगचा विजेता आणि फेडरेशन कपचा विजेता अशा दोन वाटांनी आशियात जाता येई. धेंपो २००८ मध्ये आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. गोवा प्रो लीग जिंकून मात्र तेव्हाही आशियात जाता येत नव्हते. राज्याची लीग आशियाशी कधीच जोडलेली नव्हती, हेही मजकुरांत सर्रास चुकते.

मग दार खरेच बंद झाले का? २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार होते, हा त्यांचा आक्षेप होता. २०१७ नंतर फेडरेशन कप बंद पडला. पुढे आय-लीगच्या विजेत्याची आशियाई जागा हळूहळू खाली गेली आणि शेवटी उरली ती आयएसएलमध्ये बढती. २०२४-२५ च्या आय-लीगचा वाद आठवा: महासंघाच्या अपील समितीने चर्चिलला विजेता ठरवले आणि जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवादाने निकाल इंटर काशीच्या बाजूने दिला. त्या भांडणात पणाला लागली होती ती आयएसएलमधली बढती. आशियाचा त्यात प्रश्नच नव्हता, तरी ‘चर्चिलचा आशिया हिसकावला’ असे संदेश फिरले.

आज एक दार उघडे आहे ते सुपर कपचे, कारण त्यात आय-लीगचे काही क्लबही खेळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यातच झालेल्या सुपर कपमध्ये धेंपो उतरला, एकही परदेशी खेळाडू न घेता. ईस्ट बंगालशी २-२, मोहन बागानशी ०-०. ज्या दोन क्लबांचे अर्थकारण धेंपोच्या कितीतरी पट, त्यांना बरोबरीत रोखले. गटातून पुढे जाता आले नाही, पण दार अरुंद असणे आणि बंद असणे यात अंतर आहे. अरुंद का, याचे कारण फक्त मैदानावरचे नाही.

जिंकल्यावरही परवाना लागतो. क्लब लायसन्सिंगमध्ये पाच कप्पे असतात: क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. वयोगटांचे संघ चालवतो का, मुख्य प्रशिक्षकाकडे हव्या त्या दर्जाचा परवाना आहे का, लेखापरीक्षित हिशेब आहेत का, खेळाडूंचे किंवा दुसऱ्या क्लबांचे पैसे थकले आहेत का, हे सगळे कागदोपत्री दाखवावे लागते. क्लब बहुधा अडकतात ते शेवटच्या मुद्द्यावर. एखाद्या जुन्या खेळाडूची थकबाकी, जी स्थानिक लीगमध्ये कुणी विचारत नाही, ती इथे अर्ज अडवते. मग मैदान: पुरेसा प्रकाशझोत, स्वतंत्र खुर्च्या, ड्रेसिंग रूम, उत्तेजक चाचणीची खोली. मुंबई सिटीसारख्या क्लबालाही २०२३-२४ मध्ये अंधेरीचे मैदान सोडून पुण्याला बालेवाडीत आणि अल हिलालविरुद्ध नवी मुंबईच्या डी. वाय. पाटीलवर खेळावे लागले. फातोर्डा गोव्याकडे आहे, ही इथल्या कुठल्याही क्लबासाठी मोठी जमेची बाजू. बाकीचे चार कप्पे मात्र ज्याचे त्यानेच भरायचे.

“फिफा रँकिंगवर जागा.”

नाही. एएफसी देशांची स्वतंत्र क्लब क्रमवारी ठेवते, त्या त्या देशाच्या क्लबांनी आशियाई स्पर्धांत मिळवलेल्या गुणांवर. एकेकाळी राष्ट्रीय संघाच्या फिफा क्रमवारीलाही त्यात दहा टक्के वजन होते, ते काढून टाकले गेले. पूर्व आणि पश्चिम विभाग वेगळे मोजतात आणि भारत पश्चिमेत आहे, इराण, सौदी, कतार, उझबेकिस्तान यांच्यासोबत. क्रमवारी मागच्या काही हंगामांची असते, म्हणून आजच्या विजयाचे फळ लगेच दिसत नाही, आणि आजच्या पराभवाची शिक्षाही.

म्हणूनच ‘हरले काय नि जिंकले काय’ हे वाक्य सगळ्यांत घातक. बागान २०२४ मध्ये इराणमधल्या तबरीझला आणि २०२५ मध्ये इस्फहानला गेला नाही. सुरक्षिततेची त्यांची कारणे होती, पण एएफसीने दोन्ही वेळा माघार धरली आणि त्यांचे झालेले सामनेही रद्द केले. २०२४ मध्ये ताजिकिस्तानच्या राव्शानशी झालेली ०-० अशी बरोबरीही त्यात पुसली गेली. भारताच्या खात्यात दुसरा क्लब काय करतो याला अशा वर्षी दुप्पट मोल येते. २०२५ मध्ये अल सीबवर मिळवलेला विजय त्यासाठीच महत्त्वाचा होता.

शेवटी ७ डिसेंबर २०२५ च्या फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्याविषयी. ईस्ट बंगालशी ०-०, टायब्रेकरमध्ये ६-५, आणि सुपर कप लागोपाठ दुसऱ्यांदा गोव्याकडे. त्यानंतर लगेच ‘आता आशिया आपोआप’ असे मजकूर निघाले. आपोआप काही नसते. देशांतर्गत लीग आणि कप मिळून क्लबाने हंगामात किमान २४ सामने खेळावेत, असा एएफसीचा निकष आहे. २०२५-२६ ची आयएसएल १४ फेब्रुवारी २०२६ ला, पाच महिने उशिरा सुरू झाली: १४ संघ, एकेरी लढती, प्रत्येकाला १३ सामने. सुपर कपच्या गटातले तीन, उपांत्य आणि अंतिम मिळून गोव्याचे पाच. तेरा आणि पाच अठरा. कप जिंकणाऱ्या संघाचेही सहा सामने कमी भरतात, आणि त्यासाठीच महासंघाला एएफसीपुढे सवलतीचा अर्ज घेऊन जावे लागले.